चिंधीची काठी

आमच्या सासूबाईंबद्दल चार बरे शब्द लिही, असं मला कुणी सांगितलेलं नाही आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. आठ वर्षं मी त्यांच्या घरात राहतो. घरजावई हा शब्द त्यांनी आजवर एकदाही तोंडातून काढलेला नाही. सकाळी चहाचा कप त्या माझ्यापुढे असा आपटतात की बशीलासुद्धा माझी घरातली जागा कळते. मला त्या ‘जावईबापू’ म्हणतात, ‘अहो-जाहो’ करतात, आणि एवढ्या मानाने माणसाची सालं कशी काढता येतात हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

गावात त्यांना मास्तरीण म्हणतात. शाळेची पायरी त्या कधी चढलेल्या नाहीत. पण ओहोटी लागली, खाडीचं पाणी मागे सरलं आणि तीस-चाळीस बायका बादल्या घेऊन बांधावर आल्या, की कुणी कुठे उतरायचं, कुणी कुठे पाऊलही टाकायचं नाही, हे सासूबाई ठरवतात. बायका शिंपल्या काढतात. चिखलात वीतभर खाली शिंपली बसलेली असते. वरून काही दिसत नाही. सासूबाई टाचेने चाचपत जातात आणि टाच थांबली की वाकतात. त्यांची टाच चुकलेली मी पाहिलेली नाही, आणि हे लिहितानाही मला राग येतो आहे.

सासरे बोटीवर कामाला होते. यंत्रात हात गेला आणि पुढची बारा वर्षं, जाईपर्यंत, ते ओट्यावर बसून राहिले. त्या बारा वर्षांत घर शिंपल्यांच्या बादलीवर चाललं. तीन मुली वाढल्या, तिघींची लग्नं झाली. धाकटी माझ्या वाट्याला आली आणि तिच्याबरोबर ह्या. तेव्हा माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. वर्षभरात ते बसलं आणि आम्ही दोघं ‘थोडे दिवस’ म्हणून इथे आलो. त्या थोड्या दिवसांचं काय झालं ते सासूबाई विचारत नाहीत. पाहुणे आले की फक्त म्हणतात, “जावईबापूंना आमच्याकडचं हवापाणी मानवलंय.”

आता त्यांच्या कामाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून झालं.

चिखलाच्या त्या मोठ्या पट्ट्याचे बायकांनी मनातल्या मनात वाफे पाडलेले आहेत. रेघ कुठे नाही, पण हद्द प्रत्येकीला पाठ. एखाद्या वाफ्यात नखाएवढ्या बारक्या शिंपल्या फार दिसू लागल्या, की तिथे एक काठी रोवायची आणि तिला चिंधी बांधायची. म्हणजे हा वाफा निजलाय, त्याला उठवू नका. सहा-आठ महिने तिथे कुणी हात घालत नाही. मग काठी काढली की वाफा उघडतो आणि पोटभर माल निघतो. काठी कुणी काढायची? जिने रोवली तिनेच. दुसरीने हात लावला तर ती चोरी, मग सख्खी बहीण का असेना. एकदा एक बाई काठी रोवून लेकीच्या बाळंतपणाला गेली ती तीन महिने तिकडेच रमली. वाफा माजला, बायकांनी तिच्या सात पिढ्या उद्धरल्या, पण काठीला कुणी बोट लावलं नाही. ही रीत सासूबाईंच्या सासूची. ती मोडू न देणं हे सासूबाईंनी चाळीस वर्षं केलेलं काम. त्याबद्दल त्यांना कुणी छदाम दिलेला नाही आणि त्यांनी मागितलेलाही नाही.

मग योजना आली. खाडीत पूर्वी कांदळवन होतं. वीस वर्षांपूर्वी एका शेटने ते तोडून बांध घातला आणि कोळंबीची तळी केली. कोळंबीला रोग लागला, शेट शहरात गेला, तळी ओस पडली. आता लांबच्या एका संस्थेकडून पैसे येणार होते. खाडीत पुन्हा कांदळ लावायचं, गावाला लावणीची मजुरी मिळणार, आणि रोपं जगली, लोकांनी तिथे लुडबुड केली नाही, तर दर सहा महिन्यांनी राखणीचे पैसे. निसर्गही वाचेल आणि चूलही पेटेल, असं साहेबांनी बैठकीत सांगितलं. साहेब म्हणजे योजनेचे अधिकारी. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त मार्चअखेरची घाई होती.

बैठकीत सासूबाई उठल्या. मी तोंड लपवायला जागा शोधू लागलो.

“कांदळ लावायचं असेल तर तळ्यात लावा,” त्या म्हणाल्या. “आणि लावायचंही काम नाही. शेटचा बांध दोन जागी फोडा. भरती आत येईल, बिया पाण्याबरोबर येतील. आपोआप उगवेल सगळं.”

“तळी खाजगी मालकीची आहेत, मावशी,” साहेब म्हणाले. “आपल्याला सरकारी, मोकळी जागा पाहिजे. तो खालचा चिखल मोकळाच आहे.”

“मोकळा? आम्ही तिथे रोज काय गोट्या खेळतो?”

बायका फिदीफिदी हसल्या. साहेबही हसले आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. फॉर्मवर त्या चिखलाच्या पट्ट्यासमोर ‘वापरात नसलेली जागा’ असं लिहिलं गेलं. खाली स्थानिक साक्षीदार म्हणून माझी सही आहे. चार दिवसांनी मला सुपरवायझर नेमलं.

त्या नोकरीने मला काय दिलं ते मी लपवणार नाही. नारिंगी जाकीट दिलं, पगार दिला, आणि घरात शिरताना घसा खाकरायची हिंमत दिली. पहिला पगार मी सासूबाईंच्या समोर बायकोच्या हातात ठेवला. सासूबाईंनी माझ्या जाकिटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “लांबून दिसाल आता. बरं झालं.”

लावणी आठ दिवस चालली. सासूबाई सोडून सगळ्या बायका मजुरीवर आल्या. प्रत्येक रोपाला आधार म्हणून एक बांबूची काठी, आणि प्लास्टिकची दोरी नियमात बसत नव्हती म्हणून रोप काठीला कापडाच्या पट्टीने बांधायचं. जुन्या साड्या फाडून मी स्वतः पट्ट्या केल्या. अकरा हजार काठ्या. आठव्या दिवशी बांधावरून पाहिलं तर चिखलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिंध्या फडफडत होत्या. मला फार अभिमान वाटला.

नवव्या दिवशी ओहोटीला बायका बादल्या घेऊन आल्या आणि बांधावरच थांबल्या. एकही खाली उतरेना. त्यांच्याच हातांनी बांधलेल्या चिंध्या होत्या, मजुरी हातात पडली होती, ह्या आपल्या काठ्या नव्हेत हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण पाय जन्मभर ज्यापुढे थांबलेत त्यापुढे ते थांबले. एकीने एक पाऊल टाकलं, काठीकडे बघितलं आणि जीभ चावून मागे घेतलं. सासूबाई उशिरा आल्या. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि बादली उपडी घालून तिच्यावर बसल्या.

घरी आल्यावर तोफ माझ्यावर फिरली.

“जावईबापू, त्या काठ्या कधी काढणार?”

“काढणार? आई, ती झाडं आहेत. झाडं लावतात ती काढायला नाही.”

“झाडांचं मला सांगू नका. त्या चिखलात ती वर्षभरात मरतील. भरतीला शेंड्यावरून पाणी जातंय. मी काठीचं विचारते.”

“काठी झाडाबरोबर राहणार.”

“मग चिंध्या तरी सोडा. काथ्या बांधा, सुतळी बांधा, तुमचं जाकीट फाडून बांधा. चिंधी नसली तर बायका उतरतील. एका रोपाला धक्का लागणार नाही. मी जामीन राहते.”

“साहेबांना विचारतो,” मी म्हणालो.

मी विचारलं नाही. सुतळी सहज चालली असती. पण चिखलात कुणी उतरू नये हेच तर साहेबांना हवं होतं आणि त्याहून जास्त मला. बाकीच्या खाड्यांवर राखणदार ठेवावे लागले, भांडणं झाली, पोलीस आले. आमच्याकडे कुत्रं फिरकलं नाही. साहेबांनी विचारलं, “कसं जमवलंत हो?” मी म्हणालो, “जनजागृती.” त्यांनी ते अहवालात लिहिलं आणि माझा पगार वाढवून दिला.

बायका सासूबाईंकडे आल्या. “मास्तरीणबाई, तुम्ही हो म्हणा, आम्ही उतरतो. काठ्या तर आमच्याच हातच्या आहेत. ज्याची काठी त्याने काढायची ना? मग काढतो की आमच्या आम्ही.”

मी दाराआड उभा होतो. रांगेनुसार मजुरी दिली होती, त्यामुळे कुठली रांग कुणी लावली ते माझ्याच वहीत नावानिशी होतं. सासूबाईंनी नुसती मान हलवली असती तर अकरा हजार काठ्या एका ओहोटीत उपटल्या गेल्या असत्या आणि त्यांच्याबरोबर मीही.

सासूबाई म्हणाल्या, “गवंडी भिंत बांधतो म्हणून घर त्याचं होत नाही. काठी त्याची, ज्याने पैसे देऊन रोवून घेतली. तो सांगेल तेव्हा निघेल. आज आपण ह्या मोडल्या, तर उद्या माझ्या काठीला कोण विचारेल? चार दिवसांत चिखल धुवून खाल तुम्ही.”

मला हायसं वाटलं आणि हसू आलं. ज्या बाईला मी इतकी वर्षं घाबरलो, तिच्याच प्रामाणिकपणाचं मला फुकटात कुंपण मिळालं होतं.

सासूबाई बर्फाच्या कारखान्यात लागल्या. माशांच्या खोक्यांत बर्फ भरायचा, दहा तास, ओल्या फरशीवर उभं राहून. साठीच्या बाईला ते झेपणारं काम नव्हे. महिन्याभरात बोटं फुटली. घरी आल्यावर त्या हात कोमट पाण्यात बुडवून बसायच्या आणि बायको माझ्याकडे बघायची. मी मोबाइलमध्ये डोकं घालायचो. बाकीच्या बायकांतल्या कुणी धुणीभांडी धरली, कुणी माहेरी गेल्या. राखणीच्या पैशातून त्यांना थोडा भत्ता मिळायचा, तोही बैठकीला हजर राहिल्या तर. काहींना तेवढाही पुरला, त्या सासूबाईंनाच शिव्या घालू लागल्या: भत्ता मिळतोय तर ही म्हातारी कशाला कटकट करते?

सासूबाईंचं एकच पालुपद होतं. पैसे देणाऱ्या संस्थेच्या कुणी बाई आहेत, त्या कधीतरी पाहणीला येतील, त्यांना समोर विचारीन, त्या काठ्या काढतील. “तोवर चिखल निजलाय ना, निजू दे,” त्या बायकोला म्हणायच्या. “एवढी झोप त्याला कधी मिळाली नाही. उघडेल तेव्हा बादल्या पुरणार नाहीत बघ.” सुताराकडून त्यांनी खणायच्या विळ्याला नवी मूठ बसवून आणली.

वर्ष झालं. रोपांचं सासूबाई म्हणाल्या तेच झालं. खोडांवर पांढऱ्या खरखरीत कवचांचे थर चढले, शेंडे काळे पडले, दहातली नऊ मेली. काठ्या मात्र मजबूत. मोजणी यायच्या आत मेलेल्या जागी नवी रोपं बांधायची ठरली. गावच्या बायकांना बोलावलं तर पुन्हा काठ्यांचा विषय निघेल, म्हणून मी बाहेरून माणसं आणली आणि त्यांच्याबरोबर स्वतः उतरलो.

पूर्वी त्या चिखलात घोट्यापर्यंत पाय जायचा. आता मी गुडघ्यापर्यंत गेलो. काठ्यांच्या जंगलात पाणी अडून गाळ साचला होता, मऊ, काळा, लोण्यासारखा. आणि त्याच्या तळाशी माझ्या तळव्याखाली काहीतरी कुरकुरलं. मी हात घालून मूठभर वर काढलं. शिंपल्या होत्या. सगळ्यांची तोंडं उघडी, आत काळा गाळ, आणि नाकात बसणारा वास. जिवंत शिंपली तोंड मिटून असते, एवढं ह्या घरात राहून मलाही ठाऊक होतं. मी आणखी पुढे गेलो, दहा-बारा जागी हात घातला. सगळीकडे तेच.

मी हात धुतले, वर आलो आणि कुणाला काही बोललो नाही.

का, ते सांगतो. सांगितलं असतं तर सासूबाई त्याच दिवशी मेलेल्या शिंपल्या घेऊन साहेबांच्या टेबलावर ओतायला गेल्या असत्या आणि माझं जाकीट उतरलं असतं. हे कारण खरं आहे, पण पुरतं नाही. खरं कारण असं की मला बरं वाटलं. चिखलातलं तुम्हाला काय कळतं, असं म्हणणाऱ्या त्या बाईपेक्षा तिच्याच चिखलाबद्दल मला एक गोष्ट जास्त माहीत होती. त्या जेवताना बादल्यांचा हिशेब मांडायच्या, आणि मी मुकाट घास गिळायचो. आत कुठेतरी मला मजा वाटायची.

असे आणखी आठ महिने गेले. बर्फ, फुटलेली बोटं, कोमट पाणी. मग एका सकाळी पैसे देणाऱ्या बाई आल्या.

मला वाटलं होतं गॉगल लावलेली कुणी मोठी असामी असेल. आल्या त्या पन्नाशीच्या, साध्या, बोलताना समोरच्याकडे नीट बघणाऱ्या. बांधावर आल्याबरोबर त्यांनी बूट काढून हातात घेतले. साहेब त्यांना काठ्यांच्या रांगा दाखवत होते, मी आकडे वाचत होतो. पलीकडे बायका रांगेत उभ्या होत्या आणि सगळ्यांत पुढे सासूबाई. त्यांनी कारखान्याचा खाडा केला होता. हातात बादली आणि विळा.

“एवढी मोठी जागा, राखणदार नाही, आणि एक पाऊल उमटलेलं नाही,” त्या बाई कौतुकाने म्हणाल्या. “तुम्ही लोक हे कसं करता?”

“काठी आहे म्हणून,” सासूबाई म्हणाल्या. “काठी असली की आम्ही उतरत नाही. बाई, पैसे तुमचे ना?”

“आमच्या संस्थेचे.”

“मग काठ्याही तुमच्याच. कधी काढणार?”

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी माझ्याकडे. मी आकड्यांच्या कागदात डोळे घातले.

“काढायच्या कशाला?” बाई म्हणाल्या. “ही जागा आता कायमची राखीव. हेच तर तुमचं यश आहे.”

“कायमची?”

“हो, कायमची.”

सासूबाई बायकांकडे वळल्या. “ऐकलंत ना सगळ्याजणींनी? पैसे देणारीच्या तोंडून ऐकलंत ना? निजवलं तर उठवायचंही असतं. कायमचं निजवतात ते मढ्याला. ही आपली काठी नव्हे. हिला मान द्यायचं कारण नाही.” आणि त्यांनी पदर खोचला.

मी पुढे झालो आणि त्यांची बादली धरली. “आई, नका उतरू.”

“का?”

“नका उतरू म्हणतो ना.”

“नोकरीची भीती वाटते?” त्यांनी बादली सोडवून घेतली. आवाजात नेहमीचा काटा नव्हता. “नोकरी दुसरी मिळेल. दोन वेळचं मी आजवर घालतेच आहे.”

आणि त्या उतरल्या. पहिल्या काठीजवळून जाताना त्यांनी अंग चोरलं, सवयीने. मग पाय आत गेला, घोटा गेला, पोटरी गेली, गुडघा गेला. तिथे त्या थांबल्या. टाचेने चाचपू लागल्या. बांधावर चाळीस बायका श्वास रोखून उभ्या. त्यांची टाच थांबली, त्या वाकल्या, कोपरापर्यंत हात घातला. वर आलेली मूठ त्यांनी पाण्यात विसळली, बघितली आणि टाकून दिली. पुढे गेल्या. पुन्हा वाकल्या. पुन्हा टाकून दिली. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. त्या मांडीपर्यंत रुतत, काठ्यांना धरत, दूरवर मधल्या वाफ्यापर्यंत गेल्या. नवी मूठ बसवलेला विळा त्यांनी एकदाही वापरला नाही. बायकांतली एक हळूच रडायला लागली, तेव्हा मला कळलं की बांधावरूनच सगळ्यांना समजलंय.

परत आल्यावर त्यांनी ओंजळ बांधावर रिकामी केली.

“काय मिळालं?” बाईंनी विचारलं.

“मढी,” सासूबाई म्हणाल्या. “तुमच्या काठ्यांनी गाळ धरला. ह्यांचा श्वास कोंडला. आम्ही इकडे रीत पाळत बसलो आणि ही खाली मरून पडली होती.”

बाई खाली वाकल्या. त्यांनी एक शिंपली उचलून पाहिली. “कधी झालं हे?”

सासूबाईंनी शिंपलीच्या आत अंगठा फिरवला, वास घेतला. “वर्ष तरी झालं.” मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. “जावईबापू, रोपं बदलायला तुम्ही आठ महिन्यांपूर्वी उतरला होतात. गुडघाभर चिखलात दोन दिवस होतात. पायाला काही लागलं नाही?”

“नाही.”

“तुम्हाला माहीत होतं.”

हा प्रश्न नव्हता. चाळीस बायका, साहेब, त्या बाई, सगळे माझ्याकडे बघत होते. बायकोही आली होती. ती आईला धरायला पुढे आली ती मध्येच थांबली.

“नव्हतं,” मी म्हणालो. “तुमच्या लेकीची शपथ, आई. मला चिखलातलं काय कळतं?”

सासूबाईंनी पाय न धुताच वाट धरली.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं चांगलंच झालं. त्या बाई तीन दिवस गावात राहिल्या आणि तिन्ही दिवस सासूबाईंच्या मागे फिरल्या. चिखलावरची लावणी रद्द झाली. काठ्या काढायच्या ठरल्या आणि त्या कुणी काढायच्या ते सासूबाईंनी सांगितलं. बावीस ओहोट्या मी एकटा अकरा हजार काठ्या उपटत होतो. बांधावर बसून बायका माझी टिंगल करत होत्या. मग संस्थेने शेटशी करार केला, त्याच्या तळ्यांचं भाडं भरलं आणि बांध दोन जागी फोडला. पुढच्या भरतीला बिया तरंगत आत आल्या. दोन वर्षांत तिथे कमरेएवढं कांदळ उभं आहे, कुणी न लावलेलं. बायकांना तळ्यांत भरतीचं पाणी आणणारे चर साफ ठेवायची मजुरी दरमहा मिळते. खेकडेही येऊ लागलेत. बांधावरच्या फलकावर माझा फोटो आहे, कारण सुपरवायझर मीच राहिलो. सासूबाईंनी माझ्या विरोधात अवाक्षर काढलं नाही.

चिखलाचा पट्टा मात्र मेला तो मेलाच. गाळ वाहून जायला दहा वर्षं लागतील असं त्या म्हणतात, आणि दहा वर्षांनी त्या सत्तरीपुढे असतील. बर्फाचा कारखाना त्यांनी सोडला. त्याही चर साफ करायला जातात, इतरांसारख्याच मजुरीवर. कुणी कुठे उतरायचं ते आता मी सांगतो, आणि त्या मान खाली घालून ऐकतात. त्या शपथेनंतर कित्येक महिने त्या माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. मला वाटलं, त्यांना कळलंय. खरं सांगू, मला ते सोयीचं होतं. एक माणूस खोटं ओळखून गप्प बसलाय म्हटल्यावर निदान हिशेब चुकता असतो.

गेल्या आठवड्यात दुपारी मी जेवत होतो. बायको बाहेर गेली होती. सासूबाई आल्या आणि माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. अशा त्या कधीच बसत नाहीत.

“जावईबापू,” त्या म्हणाल्या, “एक बोलायचं राहिलंय. त्या दिवशी चारचौघांत मी तुमच्यावर आळ घेतला. तुम्ही माझ्या लेकीची शपथ घेतलीत, तरी माझ्या मनातून जाईना. इतके दिवस जाईना. काल विचार केला, लेकीची खोटी शपथ घेण्याएवढा वाईट माणूस माझ्या घरात आठ वर्षं राहिला असता तर मला कळलं नसतं का? माझ्या टाचेला शिंपली कळते.” त्यांनी हात जोडले. बोटांवरच्या भेगा अजून भरलेल्या नाहीत. “माझं चुकलं. मनात ठेवू नका.”

“जाऊ द्या हो, आई,” मी म्हणालो आणि ताट पुढे केलं.

त्यांनी वाढलं.